सोडवून आणलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी असते तशी नव्हे, आणि वर्गात गुरुजी बसतात तशीही नव्हे. मी सलूनमधली खुर्ची आहे. मला पाय एकच, पण तो ओतीव लोखंडाचा, हत्तीच्या पायासारखा भक्कम. मी गोल फिरते. खालचा खटका दाबला की वर चढते आणि सोडला की उसासा टाकत खाली येते. माझ्या माथ्याशी एक छोटी उशी आहे. तिच्यावर मान टेकून माणूस बसला की त्याचा गळा उघडा पडतो आणि तोंड छताकडे होते. माझ्या आयुष्यात जे काही बरेवाईट घडले, ते या उघड्या गळ्यापायीच घडले.

माझे लोखंड एका ओतकामाच्या कारखान्यात ओतले गेले. हात टेकायचे दांडे सुताराने केले, आणि त्यांवर कातडे चढवले ते एका म्हाताऱ्या, अर्धवट बहिऱ्या कारागिराने. तो प्रत्येक खिळा ठोकताना स्वतःशीच हसायचा. मला न्यायला माझे मालक आले तेव्हा त्यांनी आधी किंमत विचारली नाही. ते बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि इतका वेळ तसेच राहिले की कारागिराला वाटले, गिऱ्हाईक झोपले.

मालकांचे दुकान एका अरुंद गल्लीत होते. एक मोठा आरसा, भिंतीला टांगलेला वस्तरा घासायचा पट्टा, साबणाचा फेस करायची पितळी वाटी, तुरटीचा खडा, आणि मधोमध मी. मालकांना दोन मुले. मुलगी थोरली, तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाचे नाक पुसण्यापासून त्याला रागे भरण्यापर्यंत सगळे तिनेच केले. भाऊ अंगाने काडीसारखा, आणि पेटायलाही काडीसारखाच. म्हणून त्याचे नाव पडले काडी.

काडी वडिलांच्या हाताखाली तयार झाला. त्याचा हात हलका होता. मालक त्याला वस्तरा देताना दर वेळी सांगत, "गिऱ्हाईक मान मागे टाकतं ना, तेव्हा ते तुझ्या हातात जीव देतं. केस काय, कोणीही कापेल." काडी मान डोलवायचा. असे वाक्य रोज ऐकले की ते कानाला ऐकू येईनासे होते. त्याचेही तसेच झाले असावे.

गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी होती. बेकरीवाला काडीच्याच वयाचा, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दर शनिवारी दुपारी, भट्टी निवली की, तो माझ्यावर येऊन बसायचा. त्याच्या अंगाला पिठाचा आणि भाजलेल्या पावाचा वास असायचा. पुढे त्याचे आणि ताईचे लग्न ठरले. रविवारी चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर, तशी घोषणाही झाली. ताई शिवणकाम करायची. तिने स्वतःचा पांढरा पोशाख स्वतःच शिवायला घेतला.

आणि मग एके दिवशी बेकरीवाल्याने निरोप पाठवला, की हे लग्न होणार नाही. कारण दिले नाही. ताईने शिवलेले उसवून टाकले आणि त्याच कापडाचे उशांचे अभ्रे केले. कोणी विचारले तर म्हणायची, "झोप तरी चांगली लागेल."

बेकरीवाल्याने शनिवार चुकवला नाही. एवढे होऊनही तो दाढीला आला. त्याला तोंड दाखवायची लाज नव्हती, की न येण्याची लाज वाटली, ते मला कधी कळले नाही. मालक त्या दुपारी एका आजारी माणसाची दाढी करायला त्याच्या घरी गेले होते. दुकानात काडी एकटा होता. त्याने एक शब्द न बोलता फेस लावला, पट्ट्यावर वस्तरा फिरवला. ती शांतता बेकरीवाल्याला सोसेना. ती मोडायला म्हणून, हसत हसत, तो ताईबद्दल एक वाक्य बोलला.

मित्रांनो, ते वाक्य मी ऐकले. दुकानात ते दोघे होते आणि तिसरी मी. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. काही शब्द पुन्हा उच्चारले की पुन्हा लागतात.

वस्तरा काडीच्या हातात होता आणि गळा त्याच्यासमोर उघडा होता. काय झाले ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले. बेकरीवाल्याने झटक्यात मान फिरवली म्हणून गळा वाचला. घाव कानापासून हनुवटीपर्यंत गेला, आणि वस्तऱ्याचे टोक माझ्या डाव्या हाताच्या कातड्यात घुसले. गालावरचा पांढरा फेस आधी गुलाबी झाला, मग लाल. पुढच्या क्षणी काडीच टॉवेल दाबून धरत होता आणि काडीच रस्त्याकडे तोंड करून ओरडत होता, "कोणीतरी या! अरे, कोणीतरी या!"

बेकरीवाला वाचला. काडीवर खटला झाला. मी कोर्टात नव्हते, पण गल्लीत जे बोलले जायचे ते ऐकत होते. काडीला विचारले, का केलेस? तो म्हणाला, "राग आला." कशाचा राग, ते त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर ते वाक्य भर कोर्टात लिहून घेतले गेले असते. बेकरीवाल्याला विचारले, तू काही बोलला होतास का? तो म्हणाला, "काही नाही." काडीला बरीच वर्षे तुरुंगवास झाला.

मालकांनी मला स्वतःच्या हातांनी धुतले. साबण लावून, पुन्हा पुन्हा, कातडे मऊ पडेपर्यंत. पण ज्या खुर्चीवर असे घडले तिच्यावर मान टाकायला कोण येणार? एके सकाळी मालकांनी मला ढकलत मागच्या अंगणात नेले, पत्र्याच्या आडोशाला उभे केले आणि वर एक पोते टाकले. दार लावताना ते माझ्याकडे वळूनही पाहू शकले नाहीत. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.

ताईने पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडले. मी मागे गंजत राहिले. पोते कुजले, खटका अडकला, गादीतला काथ्या बाहेर आला. एका मांजरीने माझ्यावर पिल्ले घातली. मधल्या वर्षांत माझा एवढाच काय तो उपयोग झाला.

ताई भावाला तुरुंगात भेटून आली की मागच्या पायरीवर बसायची आणि मांजरीशी बोलायची. त्यातून मला काडीची खबर लागे. सुरुवातीला ती नुसतीच रडे. मग एकदा म्हणाली, "आज तो बोलला गं. आपल्या चर्चचे पाळकसाहेब दर आठवड्याला तिथे जातात म्हणे. त्यांनी त्याला त्या चोराची गोष्ट सांगितली, येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेला होता ना, त्याची. काडी मला म्हणतो, ताई, त्या चोराला काही भरपाई करायला वेळच मिळाला नाही. हातपायसुद्धा मोकळे नव्हते. त्याने नुसतं म्हटलं, माझी आठवण ठेव. आणि तेवढ्यावर येशूने त्याला स्वर्गात घेतलं आत! हे सांगताना एवढा रडला, एवढा रडला..." आणखी काही महिन्यांनी ती म्हणाली, "आज तो गात होता. तुरुंगात! पहारेकरी म्हणाला, रोज गातो, आवाज भसाडा आहे पण आम्ही सवय करून घेतलीय."

तरीही माझ्याबद्दल ताईच्या मनात अढी होती, आणि मी तिला दोष देत नाही. काडी सुटायच्या सुमारास तिने ठरवले, की त्याच्या नजरेस ही खुर्ची पडायला नको. तिने भंगारवाल्याला बोलावले. त्याने मला दोराने बांधून हातगाडीवर चढवले.

"लोखंड चांगलं आहे, ताई," तो धापा टाकत म्हणाला, "पण ही खुर्ची आहे की म्हैस?"

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली, आणि समोरून बगलेत कपड्यांची गुंडाळी धरलेला एक माणूस आला. केस अकाली पिकलेले, पण अंग तेच, काडीसारखे. तो गाडीसमोर उभा राहिला.

"ही कुठे नेताय?"

"वितळवायला. का, बसायचंय?"

"मला द्या. किती पैसे द्यायचे?"

"अहो, मी आत्ता विकत घेतलीय. लगेच विकायला निघालो नाही."

काडीने खिशातून पाकीट काढले. तुरुंगात खुर्च्या विणून मिळवलेली सगळी मजुरी त्यात होती. भंगारवाल्याने आत डोकावले आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "यात नवी कोरी येईल की!"

"नवी नको. ही आमची आहे."

"आमची म्हणे! आता माझी झाली ती."

"म्हणूनच देतोय."

भंगारवाल्याने पैसे घेतले. पण मला दारापर्यंत परत आणून, एकट्याने उतरवून, आत आरशासमोर ठेवले, आणि पाणीसुद्धा न पिता गेला. दारात ताई उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आल्या आल्या लोखंडाला मिठी मारलीस. बहीण दिसली नाही वाटतं?" मग दोघेही माझ्या एकेका हाताला धरून बराच वेळ रडले.

काडीने मला कितीतरी दिवस घासले. रॉकेल, वाळूकागद, तेल. खटका सुटला तेव्हा मी इतक्या वर्षांनी उसासा टाकला, आणि तोही हसला. गादीला नवे कातडे चढवले. डाव्या हातावरची चीर मात्र त्याने तशीच ठेवली. ताई म्हणाली, "ठिगळ लाव की." तो म्हणाला, "राहू दे."

ताईने मशीन मागच्या खोलीत हलवले आणि दुकान उघडले, पण गिऱ्हाईक फिरकेना. दुकानासमोरून जाताना लोकांना अचानक घाई व्हायची. मग ताईने शेजारच्या दोन पोरांना कान धरून आणून बसवले. त्यांचे केस छान कापले गेले. मग त्यांचे बाप आले. हळूहळू लोक येऊ लागले, पण कात्रीपुरतेच. वस्तरा कापडात गुंडाळून खणात ठेवलेला होता. कोणी दाढीचे नाव काढले की काडी म्हणायचा, "दाढी इथे होत नाही."

एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे हॉटेल आहे, पण चहा मिळत नाही!" काडी हसला नाही.

तुम्हाला वाटेल, हा माणूस सुटून आला, देवाने आपल्याला माफ केले असे म्हणतो, गातो, मग आणखी काय हवे? मलाही तसेच वाटे. पण तो दुकानात एकटा असताना मी त्याला पाहिले आहे. तो खण उघडायचा, कापडावर हात ठेवायचा, आणि खण बंद करायचा. तुरुंगाचे दार त्याच्यामागे केव्हाच बंद झाले होते, पण तो अजून पूर्ण बाहेर आला नव्हता.

एका शनिवारी पाळकसाहेब आले. अंगाने जाडजूड, पावलांचा आवाज न करणारे गृहस्थ. ते सरळ माझ्यावर बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, "दाढी."

"साहेब, इथे दाढी..."

"ते मी ऐकलंय. दाढी."

काडीने फेस केला. वस्तरा बाहेर काढला. एक गाल नीट झाला. मग वस्तरा गळ्याजवळ आला, आणि हात थरथरू लागला. नुसता थरथरला नाही, आरशाखालची वाटी वाजेल इतका फळीवर आपटला. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"नाही होत, साहेब."

पाळकसाहेब उठून बसले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. "तुला देवाने क्षमा केली आहे, हे तू मानतोस ना?"

"मानतो."

"मग?"

"मी मानतो, साहेब. हात मानत नाही."

पाळकसाहेबांनी माझ्या दांड्यावरून हात फिरवला. "ही खुर्ची कोणाची?"

"आमचीच. बाबांची."

"मग भंगारवाल्याला पैसे का दिलेस?"

"हातातून गेली होती ना. त्याची झाली होती."

"म्हणजे मुळात आपलीच, पण गेलेली, म्हणून किंमत देऊन सोडवून आणलीस. जे होतं नव्हतं ते सगळं देऊन." ते फेस पुसत म्हणाले, "आपण चर्चमध्ये तारण, तारण म्हणतो. सावकाराकडे ठेवतात तेही तारणच. हा शब्द मला फार आवडतो. आपण गहाण पडलो होतो, बाबा. क्रूसावर देवाने स्वतःच्या जिवाची किंमत मोजली आणि आपली वस्तू घरी आणली."

काडी खाली बघत म्हणाला, "खुर्ची बिचारीने काही केलं नव्हतं, साहेब. मी केलंय."

"म्हणून तर तुझी किंमत जास्त पडली."

मग पाळकसाहेब टोपी घेऊन उठले आणि दारातून म्हणाले, "आणि सोडवून आणलेली वस्तू कोणी मागच्या अंगणात ठेवायला आणत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दाढीनेच उपासना घेतली. कोणी विचारले की सांगत, "काम चालू आहे."

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन होई. येशूने आपले शरीर आपल्यासाठी दिले, याची आठवण म्हणून मंडळीतला प्रत्येक जण पावाचा एकेक तुकडा घेतो. तो पाव बेकरीवाल्याकडून यायचा. त्याच्या वडिलांच्या काळापासूनचा तो रिवाज होता. ताट फिरत फिरत मागच्या बाकावर काडीपाशी आले की काडी ते हातात घ्यायचा आणि तसेच शेजाऱ्याकडे द्यायचा. ताई त्यावरून दुकानात त्याच्याशी भांडायची. तो म्हणायचा, "त्याच्या हातचा पाव कुठल्या तोंडाने खाऊ?"

आणि मग एका शनिवारी दुपारी दारात बेकरीवाला उभा राहिला.

मी त्याला वासावरून ओळखले. चेहऱ्यावरून ओळखणे कठीणच होते. वण झाकायला त्याने छातीपर्यंत दाढी वाढवली होती. बोलताना ओठाची एक बाजू हलत नसे. काडीच्या हातातली कात्री खाली पडली. मागच्या खोलीत मशीनचा आवाज थांबला.

"माझ्यावर दया कर," बेकरीवाला म्हणाला. दया मागणाऱ्याचा तो आवाज नव्हता, तो चांगलाच तापलेला होता. "दर महिन्याला तू ते ताट पुढे सरकवतोस, आणि अख्खी मंडळी माना वळवून माझ्याकडे बघते. जणू मीच तुला अडवलंय! जणू मी पिठात विष कालवतो! मार मी खाल्ला, तोंड माझं फाटलं, आणि आता दगडाच्या काळजाचा माणूस म्हणून नाव पण माझंच?"

"तसं नाही रे," काडी कसाबसा म्हणाला. "तुझ्या हातचा पाव घ्यायची माझी लायकी नाही."

"पाव माझ्या भट्टीतला आहे. माझा नाही." बेकरीवाला दोन पावले आत आला. त्याचा आवाज उतरला. "आणि लायकीचं म्हणशील तर मी तरी कुठे... मी इतकी वर्षं तो पाव भाजतोय, कापतोय, खातोय. आणि त्या दिवशी मी काय बोललो ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे. कोर्टात देवाची शपथ घेऊन मी म्हणालो, काही नाही."

काडीने पडलेली कात्री उचलून फळीवर ठेवली.

"तू तरी का नाही सांगितलंस? शिक्षा कमी झाली असती."

"सांगितलं असतं तर ताईबद्दल ते सगळ्यांनी ऐकलं असतं."

बेकरीवाल्याने तोंडावरून हात फिरवला. "तू आत होतास तेव्हा मला वाटायचं, तू बाहेर येऊच नयेस. मग पाळकसाहेब सांगायचे, तो बदललाय. मला आणखी राग यायचा. आता काय याच्यावर देवाचीही मेहरबानी? रोज सकाळी पीठ मळताना मी तुला मनातल्या मनात मारायचो. पाव चांगला फुगायचा, एवढाच फायदा. मी थकलो रे. मला यातून सुटायचंय, आणि ते कसं करायचं मला माहीत नाही. शनिवारी मी इथे यायचो, एवढंच मला माहीत आहे."

असे म्हणून तो माझ्यावर बसला आणि त्याने मान मागे टाकली.

मित्रांनो, माझ्यावर आजवर जाडे, बारके, झोपाळू, बडबडे, नाना तऱ्हेचे लोक बसले. पण इतका जड माणूस माझ्यावर कधी बसला नव्हता. त्याने माझे दोन्ही हात घट्ट पकडले. त्याच्या छातीची धडधड माझ्या लोखंडापर्यंत पोचत होती.

काडी त्याच्या मागे उभा राहिला. "तू घाबरलायस."

"मरणाचा. आणि तू?"

"मी पण."

"मग ठीक आहे. कर."

तेवढ्यात मागच्या खोलीचे दार उघडले. ताई आली. तिच्या हातात गरम पाण्यातून पिळून काढलेला टॉवेल होता. तिने सगळे ऐकले होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतच होते. बेकरीवाला उठू लागला. ती म्हणाली, "बसून राहा. तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. माझं अजून तेवढं झालेलं नाही. देवाला रोज सांगते, तो बघेल माझं. पण टॉवेल गरम आहे, तो गार व्हायच्या आत घ्या." आणि ती बाजूच्या स्टुलावर हात बांधून बसली.

आधी कात्रीने लांब दाढी उतरली. मग टॉवेल, मग फेस. काडीने वस्तरा हातात घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. त्याचे ओठ हलले. तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, पण फार लांबलचक नसावे. हात थरथरत होताच. त्याने डाव्या हाताच्या बोटांनी बेकरीवाल्याची कातडी ताणून धरली, आणि पहिला हात फिरवला.

हळूहळू वण उघडा पडू लागला. कानापासून हनुवटीपर्यंत, पांढरट, वेडावाकडा. काडीने स्वतःचे कृत्य पहिल्यांदाच नीट पाहिले. त्याच्या डोळ्यांतले पाणी फेसात पडत होते, आणि तरी तो थांबला नाही. वणाच्या कडेकडेने, आखूड आखूड हात फिरवत, तो गळ्यापाशी आला. गळा झाला. हनुवटी राहिली. आणि तिथे, वण संपतो त्या खळगीत, वस्तरा जरासा अडला.

रक्ताचा एक थेंब आला.

काडी पांढराफटक पडला. ताई उभी राहिली. मला वाटले, संपले. हा माणूस आता पुन्हा कधी वस्तऱ्याला हात लावणार नाही.

बेकरीवाल्याने आरशात पाहिले. बोटाने तो थेंब टिपला. आणि ओठाच्या चालणाऱ्या बाजूने तो हसू लागला. "अरे, तुरटी लाव की! दाढी करताना कापतंच माणसाला. एवढं काय?"

काडीला आधी कळलेच नाही. मग त्याने तुरटीचा खडा घेतला, हनुवटीला लावला, आणि बेकरीवाला "स्स्स" करून ओरडला, जसे प्रत्येक गिऱ्हाईक ओरडते तसा. कापले होते, तुरटी लावली होती, रक्त थांबले होते. काडी फळीला धरून उभा राहिला. रडतोय की हसतोय ते सांगता येत नव्हते. पण वस्तरा अजून त्याच्याच हातात होता, आणि तो हात आता स्थिर होता.

बेकरीवाल्याने स्वतःचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. "माझ्या बाबांसारखा दिसायला लागलोय मी," तो म्हणाला. जाताना तो दारात घुटमळला आणि ताईकडे न बघता म्हणाला, "मी जे बोललो होतो, ते खोटं होतं." ताई म्हणाली, "ते मला माहीत आहे." आणि ती आत जाऊन मशीनवर बसली.

पुढच्या प्रभुभोजनाला मी अर्थातच नव्हते. पाळकसाहेबांनी नंतर माझ्यावर बसून, यावेळी दोन्ही गालांची दाढी करून घेता घेता, सांगितले. ताट काडीपाशी आले. काडीने तुकडा घेतला, पण घाबरून एवढा मोठा उचलला की तो चावून होईपर्यंत सगळी मंडळी पुढचे गाणे सुरू करायची थांबली. पुढच्या बाकावरून बेकरीवाला तेवढे म्हणाला, "पाणी द्या त्याला कोणीतरी."

त्याला आता बराच काळ लोटला. ताईच्या मनातली गाठ सुटली की नाही, ते तिने कोणाला सांगितले नाही. मात्र मधल्या वर्षांत दुसरीशी लग्न केलेल्या बेकरीवाल्याच्या मुलीला एका थंडीत तिने एक झगा शिवून दिला, तोही न मागता. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसांना पाळकसाहेब पहिल्यांदा आमच्याकडे पाठवतात. ते अंग चोरून, कोपऱ्यात उभे राहतात. काडी त्यांना उपदेश करत नाही. तो फेस करतो, त्यांची दाढी करतो, आणि मग वस्तरा त्यांच्या हातात देऊन स्वतः माझ्यावर बसतो. "माझी करा," म्हणतो. कित्येकांनी आयुष्यात वस्तरा धरलेला नसतो. काडीच्या गालावर कायम कुठे ना कुठे कापलेले असते.

मी आता थकले आहे. माझा खटका टिकत नाही. अर्धी दाढी झाली की मी गिऱ्हाइकाला घेऊन हळूच खाली सरकते, आणि काडीला वाकावे लागते. दुकानात दोन नव्या, चकचकीत खुर्च्या आल्या आहेत. मला त्यांचा हेवा वाटत नाही. त्यांना कारखान्यातून आणले, मला गाडीवरून सोडवून आणले. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूंना वेळेवर तेल द्या. गंज वापरल्याने चढत नाही, टाकून दिल्याने चढतो. माणसांचेही तसेच आहे. कोणी चुकला असेल, शिक्षा भोगून आला असेल, आणि देवाने मला घरात घेतले असे सांगत तुमच्या दारात उभा असेल, तर त्याच्या हातांकडे संशयाने बघत बसू नका. त्याच्या चुकीला चूक म्हणा, जरूर म्हणा. पण त्याला बाहेर उभे ठेवू नका. त्याला आत घ्यायला मोठे भाषण लागत नाही. "ये, बस," एवढे दोन शब्द पुरतात. मला तर बोलताही येत नाही, तरी मी आयुष्यभर तेवढेच म्हणत आले आहे.